पहिलं नावही तपासा

वाणगावहून सकाळची लोकल पकडायची तर चिंचणीतून अंधारातच निघावं लागतं. फजरची नमाज आटोपून, अम्मीनं दिलेला चहा उभ्या उभ्या पिऊन मी रिक्षात बसतो. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि आमच्यासारख्यांना उपनगरातल्या कॉलेजात नोकरी करून रात्री आपल्या घरी झोपता येऊ लागलं. त्याआधी शटल आणि मेल-एक्सप्रेसच्या वेळांवर आयुष्य बेतलेलं असे. आता खिडकीची जागा मिळाली की लॅपटॉप उघडायचा आणि दिवसाचा धडा तपासायचा, हा माझा गेल्या काही वर्षांचा नेम आहे.

मी मुळात संख्याशास्त्राचा माणूस. शिकवतो मात्र मास मीडियाच्या पोरांना. मुंबई विद्यापीठात पूर्वी ज्याला बीएमएम म्हणत आणि आता बीएएमएमसी म्हणतात, तो अभ्यासक्रम. त्यांना प्रोग्रॅमिंगची आणि माहितीच्या विश्लेषणाची तोंडओळख करून द्यायची, एवढंच माझं काम. वेळापत्रकात त्याचं नाव लांबलचक आहे. पोरं त्याला 'पायथनचा तास' म्हणतात. पहिल्याच दिवशी कुणीतरी उठून सांगतं, "सर, गणितातून सुटायला म्हणून तर आम्ही इकडे आलो." दरवर्षी हे वाक्य येतं, दरवर्षी वर्ग हसतो, मीही हसतो. त्यांना पायथन हे नाव सापावरून नव्हे, तर 'माँटी पायथन' या इंग्लंडमधल्या विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून पडलं, हे सांगितलं की थोडा तणाव सैल होतो. टीव्ही म्हटलं की आपला विषय वाटतो त्यांना.

मग मी त्यांना त्यांच्या गावांची नावं मोजायला लावतो. 'चिंचणी' या शब्दात अक्षरं किती? पोरं बोटं मोडतात, म्हणतात तीन. पायथनला विचारा. पायथन म्हणतं सहा. च, वेलांटी, अनुस्वार, च, ण आणि पुन्हा वेलांटी, असं यंत्राला दिसतं. शब्द उलटा करायला सांगितला तर वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात आणि पडद्यावर जे उमटतं ते कुठल्याच बाराखडीत नसतं. याहून गंमत म्हणजे, लेखातले शब्द वेगळे करण्याची जी साधी रीत प्रत्येक इंग्रजी पुस्तकात दिलेली असते, ती मराठीला लावली तर काना, मात्रा, वेलांटी यांना ती अक्षरच मानत नाही. तिथं शब्द तोडून टाकते. चिंचणीचे 'च' आणि 'चण' होतात, पालघरचे 'प' आणि 'लघर'. तारापूरचा तर चुराच होतो. वर्ग खो खो हसतो. पण याच हसण्यातून त्यांना कळतं की यंत्राला आपण जे दिसतो ते आपल्याला आपण दिसतो तसं नसतं, आणि पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतोच. एरवी हे समजावायला मला दोन तास लागले असते.

इथंच मी अल-किंदीचं नाव घेतो. नवव्या शतकातला, बगदादचा. गुप्त लिपीतला मजकूर उलगडायचा तर कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजा आणि त्या भाषेच्या साध्या मजकुरातल्या मोजणीशी ताडून पाहा, असं त्यानं लिहून ठेवलं. म्हणजे आपण आज जो प्रोग्रॅम लिहितोय तो त्यानं बोरूनं केला होता. आता एक कबुली देतो. 'अल्गोरिदम शब्द अल-ख्वारिज्मीवरून आला' हे आपल्याकडच्या प्रत्येक जलशात, प्रत्येक शालेय बक्षीस समारंभात इतक्या वेळा ऐकवलं जातं की मला त्याचा कंटाळा आलाय. पूर्वजांच्या नावावर किती दिवस उधारी चालवायची? अल-किंदीचं नाव मी घेतो ते त्याची युक्ती उपयोगी पडते म्हणून. वर्गातल्या मुस्लिम पोरांची मान ते ऐकून जरा ताठ होते हेही मला दिसतं, आणि ते मला आवडतं, हेही खोटं नाही.

दुसरा धडा भूकंपाचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरातल्या लोकांनी त्या थंडीत लेकराबाळांसह घराबाहेर रात्री काढल्या. धक्क्यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर असतात. त्या उतरवून घ्या आणि सरासरी काढा, असं मी सांगतो. पोरं काढतात. आकडा इतका किरकोळ येतो की भीतीचं कारणच दिसत नाही. मग सांगतो की रिश्टरचं माप पायरीपायरीनं वाढत नाही; तीनपेक्षा चारच्या धक्क्यात सुमारे बत्तीसपट ऊर्जा असते, म्हणून या आकड्यांची सरासरी काढून हाती काही लागत नाही. डहाणूकडून येणारी एक मुलगी म्हणाली होती, "सर, आणि रात्री किती वाजता आला तेही धरायला पाहिजे." तेव्हापासून वेळेचा स्तंभ मी कधी गाळत नाही.

तिसरा धडा अफवेचा, आणि मला जे सांगायचंय ते तिथून सुरू होतं.

१६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. आमच्याच डहाणू तालुक्यातल्या, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळच्या गडचिंचले गावात जमावानं दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारलं. ते सुरतेला एका अंत्यसंस्काराला निघाले होते. चोर आणि मुलं पळवणारे फिरतायत अशा अफवा त्या भागात व्हॉट्सअॅपवर आधीपासून फिरत होत्या. मग त्या घटनेचा व्हिडिओ देशभर फिरला आणि त्यातल्या एका आवाजात कुणाला 'शोएब' ऐकू आलं. तो आवाज 'ओय बस' म्हणतोय, हे तथ्य तपासणाऱ्या पत्रकारांनी दाखवून दिलं, पण तोवर 'शोएब' देशभर पोचला होता. त्या आठवड्यात नागपूरच्या मावशीपासून दुबईच्या चुलतभावापर्यंत सगळ्यांचे फोन आम्हाला आले. "तुमच्या चिंचणीत काय झालं?" गडचिंचले आणि चिंचणी यांतलं अंतर नकाशावर बघण्याइतका धीर कुणाला नव्हता. 'चिंच' एवढं जुळलं की पुरे. अम्मी प्रत्येकाला सांगत बसायची, "ते वेगळं गाव, बेटा. डोंगराकडचं. आम्ही समुद्रावरचे." आणि फोन ठेवला की दाराची कडी पुन्हा एकदा बघून यायची.

२२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची नावं जाहीर केली आणि सांगितलं, यात एकही मुसलमान नाही. त्या दिवशी आमच्या घरात सुटकेचा श्वास टाकला गेला. मीही टाकला. तीन माणसं हालहाल होऊन मेली होती आणि आपण यादी वाचून सुटलो म्हणतोय, याची लाज मला नंतर, रात्री कधीतरी वाटली.

हे मी वर्गात सांगतो. लाजेचा भाग वगळून. एका वर्षी सफाळ्याकडून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्या यादीत धर्माचा रकाना होता का?"

नव्हता.

"मग त्यांना कसं कळलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "नावं बघून."

"मग हे काम कोड करू शकेल ना?"

प्रश्न चोख होता. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, उलटच होतं. तिच्या गटाला प्रकल्प करायचा होता: मराठी वृत्तपत्रांच्या संपादकीय पानावर वर्षभरात मुस्लिम लेखकांचे लेख किती आले, आणि ईद-मोहरम, तलाक, दहशतवाद सोडून इतर विषयांवर किती. हा प्रश्न मी स्वतः वीस वर्षं चहाच्या टपरीवर विचारत आलोय. आता कुणीतरी तो मोजून देणार होतं. मी खूश झालो. असं संशोधन जगात होतं. दक्षिण आशियाई नावांवरून धर्मसमुदायाचा अंदाज बांधण्याची पद्धत राफाएल झूझविंड या अभ्यासकानं मांडलेली आहे, तिच्याबद्दल मी त्यांना सांगितलं. मोजल्याशिवाय अन्याय दाखवता येत नाही, असं एक जोरदार वाक्यही टाकलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी आडनावांची यादी केली. शेख, खान, सय्यद, पठाण, अन्सारी, कुरेशी, मन्सुरी. यादीतलं आडनाव सापडलं की 'ट्रू', नाही तर 'फॉल्स'. मला हसू आलं. ही सिनेमातली यादी होती. मी फळ्यावर लिहू लागलो: मुल्ला, मुजावर, तांबोळी, बागवान, अत्तार, शिकलगार, नदाफ. ही महाराष्ट्रातली. मग दुसऱ्या बाजूला लिहिलं: इनामदार, जमादार, पाटील, देशमुख, देसाई, चौगुले, मुकादम. ही दोन्हीकडची. कोकणात वतनं, हुद्दे आणि गावं यांवरून आडनावं पडली, ती धर्म विचारून पडली नाहीत. त्यातून आमचा भाग गुजरातला लागून, त्यामुळे 'पटेल' म्हटलं की काहीच कळत नाही. मी स्वतः पटेल. तुमच्या प्रोग्रॅमला मी सापडलोच नाही, बघा.

आणि स्पष्टच सांगतो, हे शब्द माझेच: "आडनावावर विसंबू नका. पहिलं नावही तपासा."

पहिल्या नावांचा धडा तर मला फारच आवडता. मोहम्मद, महंमद, महम्मद, मुहम्मद, मोहमद, मो. पूर्णविराम. एकाच पैगंबराचं नाव, आणि तलाठ्यानं, शाळेतल्या गुरुजींनी, मतदार यादीच्या कारकुनानं जसं कानावर पडलं तसं लिहिलेलं. 'मोहम्मद' यंत्राला सात चिन्हांचा, 'महंमद' पाच चिन्हांचा. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. माझ्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि कबरीवर तिसरं आहे. ही सगळी रूपं एका जागी आणायची म्हणजेच माहितीची साफसफाई, आणि निम्मं विश्लेषण तिथंच असतं, हे मी पोटतिडकीनं सांगितलं. गटानं मन लावून काम केलं. दोन आठवड्यांत त्यांच्याकडे पहिल्या नावांची चांगली जाडजूड यादी तयार झाली. काही नावं तर मीच घरी अम्मीला विचारून आणली होती.

चाचणी घ्यायची वेळ आली. वृत्तपत्रांची नावं अजून पूर्ण उतरवून झाली नव्हती. हाताशी काय होतं? वर्गाचा हजेरीपट. एक्सेलमध्ये तयार, आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. "यावरच चालवून बघा," मी म्हणालो.

तिनं चालवलं. प्रोजेक्टरवर तक्ता आला. 'ट्रू' आलेली नावं एकत्र दिसावीत म्हणून तिनं तो स्तंभ उतरत्या क्रमानं लावला. सगळी सात नावं वर आली. सहा जण सगळ्यांना माहीत होते. सातवा होता देसाई.

तो कायम तिसऱ्या बाकावर बसायचा. हुशार, बोलायला बेताचा, कॅमेरा चांगला चालवायचा. पटावर त्याचं पहिलं नाव पूर्ण होतं, पण वर्गात सगळे त्याला आडनावानंच हाक मारायचे, आणि पोरांच्या गटात त्याला जे टोपणनाव होतं ते कुठल्याही धर्माचं असू शकलं असतं. मागून आवाज आला, "अरे देसाई, तू?" दुसरा म्हणाला, "मग बिर्याणी कधी?" हसले सगळे. त्या हसण्यात विखार नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तोही हसला. आणि मीही हसत होतो, कारण प्रोग्रॅम चालला होता. आडनावानं जो निसटला असता तो पहिल्या नावानं बरोबर पकडला गेला होता. मी त्या मुलीला शाबासकी दिली.

त्या आठवड्यात देसाई दोन तासांना आला नाही. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा मागच्या बाकावर बसला. महिनाअखेरीस कळलं की त्यानं कॉलेजजवळची खोली सोडली आणि घरून ये-जा करायला लागला. रोजचे येऊन-जाऊन चार तास. मी त्याला प्लॅटफॉर्मवर गाठलं. आधी काही बोलेना. "घरचं जेवण मिळतं सर, बरं पडतं." मग गाडी उशिरा आहे अशी घोषणा झाली आणि त्याला बोलावं लागलं.

खोली त्यानं 'देसाई' एवढ्यावर घेतली होती. मालकांनी आडनाव विचारलं, यानं सांगितलं, त्यांनी पुढचं विचारलं नाही, यानं पुढचं सांगितलं नाही. खोटं तो एक अक्षर बोलला नव्हता. त्याच इमारतीतल्या खानावळीत वर्गातले दोघं जेवायचे. बिर्याणीचा विनोद तिथं गेला. कुणी काही वाईट बोललं नाही. मालक फक्त म्हणाले, पुढच्या महिन्यात गावाकडून पाहुणे येणार आहेत, खोली लागेल.

मी म्हणालो, "माझी चूक झाली, बेटा. तो प्रोग्रॅम..."

"नाही सर," तो म्हणाला, "प्रोग्रॅम चुकला असता तर काहीच झालं नसतं."

गाडी आली. तो चढला. मला बोरिवलीत काम होतं, विरुद्ध दिशेला. तिथं जाऊन काय केलं ते मला आठवत नाही.

दोन प्रकारच्या चुका आम्ही शिकवतो. नसलेलं आहे म्हणणं आणि असलेलं नाही म्हणणं. त्यांचा चौकोनी तक्ता असतो, चार घरांचा. देसाई त्यातल्या 'बरोबर'च्या घरात होता, म्हणून माझं लक्ष गेलं नाही. मुंबईत ९२-९३ला लोकांनी इमारतींवरच्या नावांच्या पाट्या काढल्या होत्या, हे मी लहानपणी ऐकत आलो. आमच्याकडेच पाहुणे येऊन राहिले होते. ते ऐकून वाढलेला माणूस मी, आणि वर्गाच्या भिंतीवर मीच पाटी लावली.

प्रकल्पाचं काय करायचं यावर त्या गटाशी दोन तास बोललो. ती मुलगी रडवेली झाली होती. तिला वाटत होतं की तिनंच केलं. मी तिला अॅम्स्टरडॅमची गोष्ट सांगितली. हॉलंडमध्ये लोकसंख्येच्या नोंदी चोख होत्या, धर्मासकट, आणि जर्मन फौजा आल्यावर त्या चोख नोंदी ज्यूंना शोधायला कामी आल्या. मार्च १९४३मध्ये काही जणांनी तिथलं नोंदणी कार्यालयच पेटवलं. त्यांचं नेतृत्व विलेम अरोंदेअस नावाच्या चित्रकार-लेखकाकडे होतं, आणि सोबत एक शिल्पकार होता. सगळी कार्डं जळली नाहीत. हे दोघं पुढं पकडले गेले आणि त्यांना मारण्यात आलं. "कलावाले होते," ती म्हणाली. हो, म्हटलं, तुमच्यातलेच.

प्रकल्प आम्ही बंद केला नाही. त्याबद्दल अजूनही काही सहकारी माझ्याशी वाद घालतात, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. पण संपादकीय पानावर नाव छापून लिहिणारा माणूस जगासमोर आलेला असतो, हजेरीपटावरचा नसतो. आणि आपण मोजणं सोडलं म्हणून मोजणारे थांबत नाहीत. ते आपल्याला त्यांच्या हिशेबानं मोजत राहतात. एवढं केलं की नावानिशी तक्ता कुठंही ठेवायचा नाही, फक्त बेरजा ठेवायच्या, आणि पहिल्या नावांची ती जाडजूड यादी काम झाल्यावर पुसायची. हजेरीपट मी आता कुठल्याच धड्यात वापरत नाही. चाचणीसाठी मेलेली माणसं घेतो.

त्यातलाच एक माणूस आमच्या गावचा म्हणावा असा आहे. १९५५ साली चिंचणीत शेत नांगरताना ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. त्यात संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे मधुमती, उर्फ सुगतिप, वडिलांचं नाव सहियारहार. जातीनं ताजिक, म्हणजे अरब. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण यानं त्याला नेमलं होतं. त्यानं नदी उतरायला फुकट नावेची सोय केली, अन्नछत्र घातलं, तिथं भात, कालवण आणि तूप मिळे. आणि एका ब्राह्मणानं देवीसाठी बांधलेल्या मठाला जमीन दिली गेली तीही त्याच्याच संमतीनं. अभ्यासक सांगतात, 'मधुमती' म्हणजे मुहम्मद. संस्कृत लिहिणाऱ्यानं कानावर पडलं तसं लिहिलं.

सत्राच्या शेवटच्या तासाला मी ते नाव त्या मुलीच्या प्रोग्रॅमला दिलं. मधुमती सुगतिप.

'फॉल्स'.

वर्गाला मी ताम्रपटाची गोष्ट सांगितली. देसाई आला होता, दुसऱ्या बाकावर होता. अन्नछत्रात तूप होतं म्हटल्यावर तोच म्हणाला, "सर, बिर्याणी तेव्हाच सुरू होती म्हणजे." या वेळी आधी तो हसला, मग बाकीचे.

मुलगी मात्र पडद्याकडे बघत होती. यादीची फाइल तिनं उघडली. "मोहम्मदच्या रूपांमध्ये मधुमती घालू का सर?"

"घालून बघ."

तिनं टाइप केलं, मग थांबली. "पण माझ्या आत्याचं नाव मधुमती आहे."

बाहेर शिपाई किल्ल्या वाजवत उभा होता, प्रयोगशाळा पाचला बंद होते. तिनं शब्द खोडला, पुन्हा लिहिला, आणि तो तसाच ठेवून मशीन बंद करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी फाइल पूस.